ज्यांचा डबा खाल्ला त्यांच्याच दारावर पिवळं कार्ड

(पत्र बरंच मोठं होतं, थोडक्यात देते. नाव, गाव आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.)

पत्र लिहिणारी ३२ वर्षांची आहे, मूळची सातारा जिल्ह्यातली. पुण्यात मायक्रोबायोलॉजी शिकली, मग कॅनडात येऊन इथलं शिक्षण आणि परीक्षा करून टोरांटोच्या आसपास पब्लिक हेल्थ इन्स्पेक्टर म्हणून लागली, आता तिसरं वर्ष चालू आहे. काम म्हणजे वर्षभर रेस्टॉरंट तपासायची आणि उन्हाळा आला की त्यात बिल्डिंगांचे, हॉटेलांचे स्विमिंग पूल. यंदा वाटून आलेल्या फाइलींमध्ये एका मराठी काका-काकूंचं छोटं हॉटेल-कम-केटरिंग निघालं. हे तेच काका-काकू, ज्यांनी कोविडमध्ये ही विद्यार्थिनी असताना चार महिने डबा पोचवला आणि एक डॉलर घेतला नाही. तिने ऑफिसमध्ये काही सांगितलं नाही आणि गेली. मसालेभाताचं मोठं पातेलं सकाळपासून ओट्यावर, आत थर्मामीटर घातला तर ३८ डिग्री. फ्रिज ११ वर. हात धुवायच्या सिंकमध्ये खरकटी भांडी. फूड हँडलरचं सर्टिफिकेट असलेलं कुणी हजर नाही. दारावर पिवळं कार्ड लागलं, म्हणजे कंडिशनल पास, हॉटेल चालू ठेवा पण चुका सुधारा. दोन दिवसांनी परत तपासलं तेव्हा सगळं ठीक होतं, हिरवं लागलं, पण ते दोन दिवस नेमके गणपतीतले होते. कुणीतरी दाराचा फोटो काढून मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, दोन मोठ्या ऑर्डरी गेल्या. ग्रुपवर एकाने लिहिलं, 'खाल्ल्या मिठाला जागली नाही'. काकू बोलत नाहीत. साताऱ्याहून आई म्हणते तुझं एवढं काय अडलं होतं. नवरा म्हणतो नोकरी बदल. ती विचारते: मी चुकले का? आपल्या लोकांची हॉटेलं मी करायचीच नाहीत का? की ही नोकरीच आपल्यासारख्यांसाठी नाही?

---

अगं, आधीच सांगून टाकते, मी काउंटरच्या तुझ्या बाजूची नाही. इकडे यायच्या आधी मी ठाण्यात ११ वर्षं पोळीभाजी केंद्र चालवलंय, त्यामुळे हातात फाईल घेतलेला माणूस दारात उभा राहिला की पोटात कसा गोळा येतो ते मला चांगलं माहितीये. तुझं पत्र वाचताना मी आधी काकूंच्या जागी बसले आणि मग तुझ्या.

पिवळं कार्ड बरोबर होतं का, यावर फार वेळ घालवत नाही. इथला नियम सरळ आहे, थंड ठेवायचं ते ४ डिग्री किंवा त्याखाली, गरम ठेवायचं ते ६० किंवा त्यावर, आणि मधे जे काय आहे ते जंतूंचं हळदीकुंकू. ३८ म्हणजे तर आपल्या अंगाला जेमतेम ताप आल्यासारखं, याहून सुखाची जागा जंतूंना कुठली मिळणार. तू बरोबर होतीस. पण मला वाटतं हे तुलाही पक्कं ठाऊक आहे, नाहीतर तू माझ्याकडे आली नसतीस, नियमाच्या पुस्तकाकडे गेली असतीस.

मला अडकवलं ते तुझ्या एका वाक्याने, जे तू कंसात टाकलंयस. लिहिलंयस, 'मी मुद्दाम सगळं इंग्रजीतच बोलले, उगाच कुणी म्हणायला नको आपल्यातली म्हणून सोडलं.' हे वाक्य मी चार वेळा वाचलं. काकू आतून हात पुसत आल्या असतील, 'अगं तू! ये ये, चहा टाकते' म्हणाल्या असतील, आणि तू म्हणालीस 'मॅम, आय ॲम हिअर फॉर अ रुटीन इन्स्पेक्शन'. मॅम! ज्या बाईने तुला चार महिने वरणभात पाठवला तिला मॅम. मग ४० मिनिटं तुम्ही दोघी सातारी आणि कोल्हापुरी बायका (काकू कोल्हापूरच्या ना? मी आपलं रश्शाच्या वर्णनावरून धरलंय) परक्या भाषेत बोलत होतात आणि शेवटी काकूंनी रिपोर्टवर सही केली. त्यांना त्यातलं किती कळलं असेल असं तुला वाटतं?

मला विचारशील तर काकू कार्डावर रुसलेल्या नाहीत, त्या 'मॅम'वर रुसल्यात.

आणि तू पंजाबी ढाब्यावर जातेस तेव्हा हिंदीत बोलतेस की नाही? बोलत असशीलच, तिकडच्या सरदारजींना समजावं म्हणून. मग मराठीनेच काय घोडं मारलं होतं? निःपक्षपातीपणा थर्मामीटरमध्ये असतो गं, तो मराठी बोललं म्हणून दोन डिग्री खाली येत नाही. उलट तू तुझ्याच माणसांशी जरा जास्तच ताठ वागलीस, का, तर तुला भीती होती की आपण मऊ पडू. हाही पक्षपातच झाला, फक्त उलट्या बाजूने. दुसऱ्या कुणाला तू बसून समजावलं असतंस, काकूंच्या हातात नुसता कागद दिलास.

आता दुसरी गोष्ट, जिथे माझ्या मते तू खरंच चुकलीस, आणि ती तुझ्या पत्रात एका ओळीत येऊन जाते. तू सुपरवायझरला सांगितलं नाहीस. लिहितेस, 'मला ते कमकुवतपणाचं वाटलं.' अगं, चार महिन्यांचा फुकटचा डबा हा काही लपवण्यासारखा गुन्हा नाही पण तो हिशोबात धरायचा संबंध नक्की आहे. उद्या तू हिरवं कार्ड दिलं असतंस, अगदी योग्य असतं तरी, आणि चार दिवसांनी तिथे जेवून कुणी आजारी पडलं असतं, तर पहिला प्रश्न काय आला असता? आणि आता पिवळं दिलंस तर लोक म्हणतात मुद्दाम दिलं. म्हणजे काहीही केलं असतंस तरी तुझ्याच अंगावर आलं असतं. 'ही मंडळी माझ्या ओळखीची आहेत, मी विद्यार्थिनी असताना यांनी मला मदत केलीये, ही फाईल दुसऱ्या कुणाकडे द्याल का' एवढ्या दोन ओळींची मेल, बास. तुझा एखादा फिलिपिनो नाहीतर इटालियन सहकारी गेला असता, त्यानेही ३८ डिग्रीला पिवळंच दिलं असतं, आणि तू संध्याकाळी काकूंकडे जाऊन मराठीत सांगू शकली असतीस की काकू, त्याने जे लिहिलंय त्याचा अर्थ असा. ती मेल अजूनही पाठवता येते. उशिरा का होईना, पाठव. मधल्या दोन तपासण्यांचं काय झालं ते पण त्यात खरं खरं लिही.

'आपल्या लोकांची हॉटेलं मी करायचीच नाहीत का' याचं उत्तर त्यातच आलं बघ. आपल्या लोकांची कर, आपल्या माणसांची नको. मराठी आडनाव हा काही संबंध नव्हे, तसं धरलं तर सगळ्या भारतीय इन्स्पेक्टरांना नुसती पिझ्झाची दुकानं द्यावी लागतील. ज्याच्या घरी तू जेवलीस, ज्याच्या मुलीच्या बारशाला गेलीस, ज्याच्याकडे पैसे उसने आहेत, तो संबंध.

आणि आपल्या लोकांची हॉटेलं तू केलीच पाहिजेस, त्याला कारण आहे. तुझ्या सहकाऱ्याला फडक्यात टांगलेला चक्का दिसला तर तो घाबरून सगळं फेकायला लावेल. तुला माहितीये की दही आंबट असतं, पीएच साधारण साडेचारच्या आसपास किंवा खालीच, तिथे बहुतेक रोगजंतूंची डाळ शिजत नाही, आणि तरी तो चक्का फ्रिजमध्ये टांगला तर कुणाचं काही बिघडत नाही. आंबवलेलं इडलीचं पीठ वेगळं आणि उरलेलं सांबार वेगळं, हेही तुला सांगावं लागत नाही. कुठे घाबरायचं आणि कुठे नाही हे ज्याला कळतं त्याचं लोक ऐकतात.

आता भात. काकांनी तुला जे ऐकवलं ते तू जसंच्या तसं लिहिलंयस, 'आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या रात्रीचा भात सकाळी फोडणीला पडतो, कोण मेलं?' आणि तू गप्प बसलीस. तू मायक्रोबायोलॉजीवाली असून गप्प बसलीस याचं मला आश्चर्य वाटलं, पण समजू शकते, काकांशी वाद कोण घालणार.

तर याचं उत्तर मी देते, कारण हे उत्तर मला महागात पडलंय. ठाण्यातलं केंद्र चालू असताना आमच्याकडे एक साहेब तपासणीला यायचे. फ्रिज उघडून बघायचे नाहीत, भांड्यात डोकावायचे नाहीत, गप्पा मारायचे, दोन डबे पार्सल घ्यायचे आणि जायचे. आम्ही त्यांना देवमाणूस म्हणायचो. मग एका पावसाळ्यात ६० माणसांची ऑर्डर होती, भात मी सकाळी ७ ला शिजवून पातेल्यातच झाकून ठेवला, दुपारी २ ला वाढला. संध्याकाळपर्यंत ९ जणांना उलट्या, त्यात एक आठ वर्षांची मुलगी. कुणी मेलं नाही. पण मी त्या मुलीच्या उशाशी हॉस्पिटलमध्ये बसले होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं की भात तर मी परत गरम केला होता, चांगला वाफाळता.

मग डॉक्टरांकडून कळलं. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवून मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि एक विष तयार करतात, आणि ते विष उकळलं तरी जात नाही. म्हणजे परत गरम करून जंतू मेले असतील, विष तिथेच. माझ्या आईच्या घरी रात्री उरायचा तो वाटीभर भात, तो थाळीत पसरला की पंधरा मिनिटांत गार. माझं पातेलं २० किलोचं, वरून गार दिसलं तरी मधला गोळा दुपारपर्यंत कोमट. भात तोच, रीत तीच, फक्त भांडं बदललं. काकांची आजी चूक नव्हती. काका आजीची रीत पन्नासपट मोठ्या पातेल्यात करतायत.

हे त्यांना असं सांगितलं असतंस तर मला नाही वाटत काका भांडले असते. माणसाला आपली आजी मूर्ख होती हे ऐकायचं नसतं, बाकी सगळं तो ऐकून घेतो.

आणि उपाय काय तर तोच जुना. गावाकडच्या लग्नात आचारी भात शिजला की स्वच्छ धोतरावर पसरायचे, मला वाटायचं मोकळा व्हावा म्हणून. इथे तुमच्याकडे जे शिकवतात, ६० वरून २० पर्यंत दोन तासांत आणि २० वरून ४ पर्यंत पुढच्या चार तासांत, ते साधायचं असेल तर हेच करायचं, उथळ ट्रे, दोन इंचांपेक्षा जाड थर नाही, झाकण लगेच लावायचं नाही, आणि लवकरात लवकर फ्रिजमध्ये. नाहीतर मग गरमच ठेवायचा, ६० च्या वर, त्यासाठीचं वॉर्मर घ्यायचं. मधल्यामध्ये ओट्यावर नाही. केटरिंग करणाऱ्या, घरून डबे देणाऱ्या ज्या बायका हे वाचतायत त्यांनी एवढं जरी उचललं तरी मला पुरे, एक प्रोब थर्मामीटर घ्या, वीस डॉलरच्या आत येतो, पातेल्याच्या मध्यात घालून बघा, कडेला नाही.

बरं, आता पूलबद्दल. तू सहज लिहून गेलीस की त्याच आठवड्यात तू एका काँडोचा (फ्लॅटवाल्या बिल्डिंगचा) पूल बंद केलास, कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस होता, फुगे लावलेले होते, मॅनेजर ओरडला, आणि तू घरी येऊन शांत झोपलीस. मी विचार करत बसले, पूल बंद करून शांत झोप आणि पिवळं कार्ड देऊन तीन आठवडे झोप नाही, हे कसं. तू म्हणशील तिथे ओळखीचं कुणी नव्हतं म्हणून. असेल. पण मला आणखी एक दिसतं. पूलवर तुमच्याकडे ती काळी तबकडी असते ना, १५० मिलिमीटरची, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, सगळ्यात खोल जागी, आणि ती काठावरून ९ मीटरवरून स्पष्ट दिसली पाहिजे. नाही दिसली तर पूल बंद, कारण तळाशी मूल असलं तर तेही दिसणार नाही. तू मॅनेजरला काठावर उभं केलंस आणि विचारलंस 'तुला दिसते का?' तो म्हणाला नाही. झालं. तो तुझ्यावर चिडला असेल पण त्याने स्वतःच्या डोळ्याने पाहिलं.

काकूंच्या स्वयंपाकघरात तू हे केलं नाहीस. थर्मामीटर तुझ्या हातात होता, आकडा तू वाचलास, तू लिहिलास. पुढच्या वेळी, कुठल्याही हॉटेलात, थर्मामीटर त्यांच्या हातात दे. 'काकू, तुम्हीच घाला मधे. किती दिसतंय?' त्यांच्या तोंडून ३८ येऊ दे.

पूलचं निघालंच आहे तर, तू लिहिलंयस की त्या पूलच्या वहीत क्लोरीनचा आकडा महिनाभर रोज तोच होता आणि तुला आधी संशय तिथेच आला. शाब्बास. वॉकरटन आठवत असेल, तुमच्या अभ्यासात असणारच, पण बाकीच्यांसाठी सांगते. आपल्याच ओंटारिओ प्रांतातलं जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव, मे २००० मध्ये जोराचा पाऊस होऊन गुरांच्या शेणातला ई. कोलाय नावाचा जंतू विहिरीच्या पाण्यात उतरला, ७ माणसं गेली आणि २,३०० हून जास्त आजारी पडली. चौकशीत निघालं की पाणीखात्याची माणसं क्लोरीन नीट मोजतच नव्हती, वहीत वर्षानुवर्षं ०.५ नाहीतर ०.७५ लिहून मोकळी व्हायची. आणि लॅबचा खराब रिपोर्ट हातात असतानाही हेल्थ युनिटला, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य खात्याला, सांगत होती की पाणी ठीक आहे. ही माणसं काही राक्षस नव्हती, गावातलीच, सगळ्यांच्या ओळखीची. 'आपल्याच गावातलं पाणी, आपण लहानपणापासून पितोय, त्याला काय होतंय' हाच विचार. काकांचं 'कोण मेलं' आणि हे एकाच कुळातलं आहे.

(जाता जाता एक. आमच्या बिल्डिंगच्या पूलला उग्र वास यायचा तेव्हा मी इतकी वर्षं म्हणायचे, वा, भरपूर क्लोरीन आहे, स्वच्छ आहे. एका इन्स्पेक्टर मुलाने सांगितलं की तो वास क्लोरीनचा नाही, क्लोरीन घामाला आणि लघवीला मिळून जे क्लोरामाइन होतं त्याचा आहे. तेव्हापासून मी पाण्यात उतरायच्या आधी दोनदा विचार करते आणि नातवाला आधी शॉवरखाली उभा करते.)

नोकरी सोडायचं म्हणतेस. सोडायला माझी ना नाही, नोकरी म्हणजे काही सात जन्मांची गाठ नव्हे. पण कशासाठी सोडतेयस ते आधी बघ. ग्रुपवरच्या एका ओळीसाठी सोडत असशील तर ती ओळ लिहिणाऱ्याने नंतर बहुतेक कुणाच्या तरी मोदकांचा फोटो टाकला असेल आणि विसरूनही गेला असेल. दारात उभं राहून रोज लोकांच्या वैतागलेल्या चेहऱ्यांना सामोरं जाणं हेच झेपत नसेल, तर तो वेगळा विषय आहे आणि त्यात लाज नाही. याच शिक्षणावर पिण्याच्या पाण्याचं काम आहे, हॉस्पिटल-डे केअरमधलं इन्फेक्शन कंट्रोल आहे, फूड हँडलरांना शिकवण्याचं काम आहे. मला तुझ्या पत्रावरून वाटतं की शिकवणं तुला जमेल. पण आधी सहा महिने हेच काम मराठीत, हिंदीत, हसून, थर्मामीटर दुसऱ्याच्या हातात देऊन करून बघ, मग ठरव. आत्ता तू ज्या नोकरीला कंटाळलीयस त्यात तू अर्धा वेळ स्वतःची पहारेकरीण होतीस.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी थोडं, कारण तिकडूनही अशी पत्रं येतात. तिकडे कामं वाटलेली आहेत, हॉटेलं आणि खाण्याच्या वस्तू एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे, इथल्यासारखं एकच माणूस सकाळी किचन आणि दुपारी पूल असं नसतं. पण ओळखीची अडचण तीच, उलट जास्त, कारण तालुक्याच्या गावात सगळेच मामा आणि दादा. २०११ पासून लागू असलेल्या अन्न सुरक्षा कायद्यात सुधारणा नोटीस आहे, त्यात किमान १४ दिवसांची मुदत द्यावी लागते. ती शिक्षा नाही, मुदत आहे, हे अधिकाऱ्यांनी हॉटेलवाल्याला त्याच शब्दांत सांगावं. आणि हॉटेलवाल्यांनो, त्याच कायद्यात हेही आहे की अधिकाऱ्याने विनाकारण त्रास दिला तर त्याला १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आणि कृपा करून साहेबांना पार्सल देऊ नका. माझा अनुभव वर सांगितलाच.

इथल्या हॉटेलवाल्यांनी एवढं लक्षात ठेवा, रिपोर्टमधलं कळलं नाही तर सही करायच्या आधी विचारा, तुमच्या भाषेतलं काही छापील आहे का तेही विचारा. लेखी ऑर्डर आली आणि ती पटली नाही तर १५ दिवसांत अपील मागता येतं. आणि सर्टिफिकेट एकाच माणसाकडे ठेवू नका, २०१८ पासून धंदा चालू असताना कायम एक सर्टिफिकेटवालं माणूस हजर लागतं, काकू बँकेत गेल्या आणि नेमके तेव्हाच इन्स्पेक्टर आले असं होतंच.

ग्रुपवर तू काहीही लिहू नकोस. खुलासा नाही, तापमान नाही, 'खरं काय झालं' नाही. तपासणीचा निकाल लोकांना तसाही बघता येतो, त्यापलीकडे एखाद्या जागेबद्दल तू बोलणं तुझ्या नोकरीत बसत नाही. मंडळासाठी काही करायचंच असेल तर पुढच्या गणपतीच्या दोन महिने आधी अध्यक्षांना विचार, महाप्रसाद करणाऱ्यांसाठी एक शनिवार सकाळ ठेवू या का. शे-दोनशे लोकांचं जेवण असलं की हेल्थ युनिटला आधी कळवायचं असतं हे निम्म्या मंडळांना माहीतच नसतं. ऑफिसातून रीतसर परवानगी घेऊन जा, मराठीत बोल, भाताचं पातेलं समोर ठेव.

आईला काय सांगायचं ते तुझं तू बघ, साताऱ्याच्या आया माझ्याही आवाक्याबाहेरच्या आहेत. पण त्या आठ वर्षांच्या मुलीची गोष्ट सांगून बघ.

राहिल्या काकू. फाईल दुसऱ्याकडे गेली की जा. आधी नाही. मेलला उत्तर येऊ दे, फाईलवरचं इन्स्पेक्टरचं नाव बदलू दे, मग जा. कामाची बॅग, ओळखपत्र, टॅबलेट काही नको, रविवारी दुपारी गर्दी ओसरली की साध्या कपड्यात. कार्डाबद्दल सॉरी म्हणू नकोस, ते खोटं ठरेल आणि काकूंना खोटं लगेच कळतं. इंग्रजीबद्दल म्हण. 'काकू, त्या दिवशी मी तुमच्याशी परक्यासारखी बोलले, ते चुकलं माझं.' त्या पहिल्यांदा काही बोलणार नाहीत, गल्ल्यावरचं काहीतरी आवरत बसतील. थांब जरा. मग त्या विचारतील जेवलीस का. जेव. आणि उठताना बिल माग. त्या घेणार नाहीत, म्हणतील वेडी झालीस का. तरी पैसे काउंटरवर ठेव, आणि पावती घेतल्याशिवाय उठू नकोस.